उपरण्याखालचा हात

टेबलाखाली कुणीतरी जोतीरामचा हात धरला तेव्हा तो साहेब झालेला होता. खरा नव्हे, खेळातला. कंपनीच्या कँटीनमध्ये टेबलं एकाला एक जोडून वर हिरवं कापड अंथरलं होतं, कापडाचे काठ गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, आणि वाटाघाटी शिकवायला पुण्याहून आलेल्या इंदिरा मॅडमनी फर्मावलं होतं की आता बाजू बदला. कामगारांचा जोतीराम साहेबाच्या खुर्चीत बसेल आणि पर्सोनेलचे आनंद साहेब कामगार होतील. त्यानं समोरच्याच्या मनात शिरता येतं म्हणे. आनंद साहेबांनी हसत टाय सैल केला, बाह्या वर सारल्या. जणू बाह्या वर सारल्या की माणूस कामगार होतो. जोतीराम साहेबाच्या खुर्चीत टेकला, खुर्चीला हात होते, त्यांवर त्याची कोपरं आपसूक गेली, आणि तोंडातून निघालं, "बसा. काय अडचण आहे तुमची?" 'हाय' नव्हे, 'आहे'. अंथुर्ण्याच्या माळावर मेंढरांमागं वाढलेल्या जिभेला हा 'आहे' कुठून सापडला ते त्याचं त्याला कळलं नाही. पोरं फिदीफिदी हसली. आनंद साहेब पडेल आवाजात म्हणाले, "साहेब, भिमाला कामावर परत घ्या. त्याची बोटं गेली." जोतीरामनं उजवा हात टेबलाखाली मांडीवर ठेवला, मान जराशी तिरपी केली आणि म्हणाला, "वाईट झालं. पण प्रेसला गार्ड कंपनीनं लावला होता. तो काढला कुणी? उद्या मी त्याला परत घेतलं तर बाकीच्यांना काय शिकवण मिळेल?" आणि नेमकं तेव्हाच टेबलाखाली त्याचा हात धरला गेला.

घट्ट नाही. ओळखीच्या माणसानं धरावा तसा. बोटं थंड होती आणि त्यांना तेलाचा ओशटपणा होता. जोतीरामनं बोलणं थांबवलं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, साहेब एकटाच असतो म्हणून मॅडमनी त्या रिकाम्या ठेवल्या होत्या. तो बोलत राहिला आणि आतून त्या हाताचा अदमास घेत राहिला, अंधारात मेंढराच्या अंगावरून हात फिरवून कुणाचं आहे ते ओळखावं तसा. तर्जनी. मधलं बोट. अनामिका. त्यापुढं अंगठा लागेना, करंगळी लागेना, तळवाच लागेना. नुसती तीन बोटं त्याच्या बोटांना धरून होती, आणि त्यांच्यामागं काहीच नव्हतं. "सहानुभूती वेगळी आणि शिस्त वेगळी," जोतीराम म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मॅडम तर उठून उभ्या राहिल्या. टाळ्यांत एक टाळी निराळी वाजत होती, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ बाकावर भिमा बसला होता. त्याला शिबिराला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो रोज कळंबहून एस.टी.नं यायचा, कामाचा डबा घेऊन यायचा आणि कँटीनमध्ये बसून राहायचा. वॉचमनला त्याला अडवायची लाज वाटायची, बाकीच्यांना त्याच्याकडं बघायची. तो टाळ्या वाजवत होता. डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्याचा अंगठा, करंगळी आणि मधला भकास गोळा.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात बारामतीच्या एमआयडीसीत हे असलं शिबिर म्हणजे नवलच होतं. पण त्यात कंपनीचं काळीज द्रवलं वगैरे काही नव्हतं. भिमाचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेला त्या दिवशी पोरांनी मशिनी बंद ठेवून ऑफिसच्या काचांवर नटबोल्ट भिरकावले होते. काचा महाग असतात. माणसाला रीतसर बोलायला शिकवलं की तो हातात काही उचलत नाही, हे मोठ्या शहरातल्या शहाण्यांना ठाऊक असतं, आणि ते फी घेऊन शिकवतात. गार्ड कुणी काढला हे प्रेस शॉपमधल्या खांबालाही माहीत होतं. गार्ड, म्हणजे ठोका पडताना हात आत राहू नये म्हणून लावलेली जाळी, असला की हात आतबाहेर करायला वेळ लागतो, वेळ लागला की माल कमी पडतो, माल कमी पडला की सुपरवायझर आई-बहिणीवरून बोलतो आणि पुढल्या महिन्यात टेंपररी पोराला ब्रेक मिळतो. म्हणजे घरी बस, परत बोलावू तेव्हा ये. जोतीराम टेंपररी. भिमा टेंपररी. अख्खी लाईन टेंपररी. सुपरवायझरनंच गार्ड काढून कोपऱ्यात फेकले होते. भिमाची बोटं मात्र सापडली नाहीत. भंगाराच्या ढिगात पोरांनी उकरून बघितलं, पण ट्रक भरून निघून गेला होता. शेजारच्या प्रेसवर जोतीरामच होता. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यात भिमाचा हात गुंडाळला आणि दवाखाना येईपर्यंत टेंपोत तो बोचका दोन्ही हातांत दाबून धरला. भिमा ओरडत नव्हता. म्हणत होता, "जोत्या, धरलायस न्हवं? सोडू नगं." उपरण्याच्या आत काय हलत होतं आणि काय हलत नव्हतं ते जोतीरामच्या हातांना कळत होतं, आणि ते कळणं त्यानंतर त्याच्या हातांतून गेलंच नाही.

ते उपरणं आबांचं. जोतीरामचे वडील मेंढरांचे दलाल होते, इंदापूर-बारामतीच्या बाजारांत त्यांच्या हाताला मान होता. तोंडाला नव्हे, हाताला. मेंढरांचा सौदा तोंडानं होतच नसे. दोघे समोरासमोर उकिडवे बसायचे, हातावर उपरणं टाकायचे आणि आत बोटं भाव बोलायची. वर चेहरे पावसापाण्याच्या गोष्टी करत, खिदळत, एकमेकांच्या पोराबाळांची विचारपूस करत. लहानपणी एकदा आबांनी जोतीरामचा हात धरून उपरण्याखाली एका खाटकाच्या हातात दिला. "शिक," म्हणाले. वर तो खाटीक गूळ चघळल्यासारखं गोड हसत होता, "आबांचं पोरगं व्हय? ब्येस हाय की!" आणि खाली त्याचा हात चवताळलेला होता, दाबत होता, धमकावत होता, मधेच लाचार होत होता. एका माणसाला दोन माणसं चिकटलेली. जोतीरामनं किंचाळून हात ओढला, तर बाजार हसला. घरी जाताना आबा म्हणाले, "हात वढायचा न्हाय. सौदा तुटतो. आन् ध्यानात ठेव, तोंड खोटं बोलतं. उपरण्याखाली खोटं बोलता येत न्हाय." पुढं माळ नांगरले गेले, कालव्याचं पाणी आलं, जिथं मेंढरं बसायची तिथं ऊस उभा राहिला, आणि आबांनी मेंढरांचं खांड मोडून टाकलं. शेवटच्या आजारात ते पांघरुणाखाली बोटं हलवत पडायचे. कुणाशी बोलतात ते कुणी विचारलं नाही. जोतीरामनं एकदा हळूच पांघरुणात हात घातला होता, आणि आबांच्या बोटांनी त्याची बोटं पकडून असा काही भाव सांगितला की तो घाबरून बाहेर जाऊन बसला. तेव्हाही त्यानं हात ओढलाच होता.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर काय-काय लिहिलं. मौनाला घाबरू नका, जो आधी बोलतो तो हरतो. मग म्हणाल्या, मागण्यांमध्ये एखादी अशी ठेवा जी शेवटी सोडता येईल. समोरच्याला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. जोतीराम चटकन उठला. कालच्या टाळ्या अंगात होत्या. "आमच्यात त्येला लंगडं मेंढरू म्हणायचे, मॅडम."

"म्हणजे?"

"खांड विकायला न्यायचं तर त्यात येक लंगडं मुद्दाम घालायचं. गिऱ्हाईक त्याच्यावरच बोट ठेवतं. हे असलं का आणलं, म्हणतं. मग आपण तोंड पाडून ते बाजूला काढायचं. बाकीचं खांड आपल्या भावात जातं. लंगडं घरी परत."

मॅडम हरखल्या. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, लंगडं मेंढरू. आनंद साहेबांनीही कौतुकानं मान हलवली. "वा, जोतीराम! हे पुस्तकात नाही हां." जोतीराम खाली बसला तेव्हा त्याला घरचं लंगडं आठवलं. दर बाजाराला जाणारं आणि दर बाजारातून परतणारं. ते येताना टेंपोत तोंड फिरवून बसायचं. लहानग्या जोतीरामला वाटायचं, वाचलं म्हणून हे खुशीत असेल. पण ते पाल्याला तोंड लावत नसे, आणि ज्यानं त्याला आपल्या हातानं बाजूला काढलं त्याच्याकडं रात्रभर टक लावून बघत असे. त्यानं टाकीकडं पाहिलं. भिमा फळ्यावरची अक्षरं वाचत होता. सावकाश, ओठ हलवत.

नंतर दोन-चार दिवस प्रेस शॉपमध्ये तोच शब्द. कान तुटलेल्या कपाला लंगडा म्हणायचे, मुकादमाला लंगडं म्हणायचे. मग मागण्या ठरवायला पोरं गेटबाहेरच्या पिंपळाखाली जमली आणि हसणं आपोआप विरलं. लाईनवरच्या सगळ्या टेंपररी पोरांना कायम करा. प्रेसचे गार्ड परत लावा. भिमाला कामावर घ्या. "आन् ह्यातलं लंगडं कुठलं?" कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी जोतीरामकडं बघितलं, आणि जोतीरामनं भुईकडं. ते बघणं म्हणजेच ठराव. भिमाचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून पाप कुणाच्या माथी लागलं नाही, असं ज्यानंत्यानं मनाशी घोकलं. आणि शब्द तर खुद्द जोतीरामचा होता.

हात मात्र सुटत नव्हता. आता त्याला टेबल लागत नसे. सायकलवरून जळोचीला खोलीवर जाताना हँडलच्या मुठीवर त्याच्या बोटांवर ती तीन बोटं असायची. प्रेसचा ठोका पडताना ती आवळायची. भाड्याच्या खोलीत जेवायला बसला की उजवी मूठ मिटलेलीच राहायची. सारजा, त्याची बायको, भाकरी थापता थापता बघत राहायची. "आवं, मूठ उघडा की. घास कसा घेणार?" तो उघडायला जायचा आणि आबांचा आवाज कानात यायचा, हात वढायचा न्हाय. "साहेब झाल्यापासून तुमचं बोलणं बी बदललंय," सारजा म्हणाली. "काल झोपेत म्हणत हुतात, काय अडचण आहे तुमची. मी म्हणलं, माझी अडचण तुमीच हाय." ती हसली. जोतीरामला हसू आलं नाही. झोपेत आपण कुणाला विचारलं आणि त्यानं काय अडचण सांगितली, हे त्याला तिला विचारायचं होतं. धीर झाला नाही. काय मागत होती ती बोटं? बाजारात तीन बोटं धरली तर ज्याचा त्याचा अर्थ असतो. इथं नुसतं धरणं होतं. भाव नाही, धमकी नाही. भिमाचं काय? भिमा म्हणायचा, गेलेली बोटं खाजतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं. नसलेली जागा खाजते आणि खाजवायला जावं तर हात हवेत जातो. भिमा सांगायचा आणि पोरं हसायची, "भिम्या, भंगारवाल्याला सांग की खाजवायला!" जोतीराम तेव्हा मूठ खिशात घालायचा.

खरी बैठक त्याच कँटीनमध्ये, त्याच हिरव्या कापडावर झाली. एका बाजूला आनंद साहेब, दुसऱ्या बाजूला जोतीराम आणि लाईनवरची चार पोरं. कोपऱ्यात इंदिरा मॅडम निरीक्षक म्हणून, आपण पेरलेलं कसं उगवतं ते बघायला. टाकीजवळ भिमा. आनंद साहेबांनी कागद वाचला आणि भिमाच्या नावावर बोट ठेवलं. "वाईट झालं," ते म्हणाले आणि मान जराशी तिरपी केली. "पण गार्ड कंपनीनं लावला होता. तो काढला कुणी? सहानुभूती वेगळी आणि शिस्त वेगळी." शब्द जोतीरामचे होते. मान त्याची होती. थांबण्याच्या जागासुद्धा त्याच्याच होत्या. आपलं तोंड आपल्या समोर बसून आपल्याशी बोलतं आहे आणि आपल्याला तोंडच उरलेलं नाही, असं त्याला झालं. खेळात त्यानं साहेबाच्या मनात शिरायचं होतं. शिरलं कोण कुणाच्यात? साहेब पुढं वाकले, आवाज खाली आणला. "जोतीराम, आपण दोघं एकाच वर्गातले. लंगडं कुठलं ते मला माहीत आहे, मला माहीत आहे हे तुला माहीत आहे. कशाला वेळ घालवायचा? हे एवढं बाजूला काढ. पोरं कायम करतो. गार्ड लावतो. आत्ता सही."

चारही पोरं खुर्चीत पुढं सरकली. कायम. म्हणजे ब्रेक नाही, म्हणजे पोरगी देणारा सासरा दारात, म्हणजे जळोचीच्या भाड्याच्या पत्र्याखाली सारजानं काढलेली सगळी उन्हं वसूल. 'बरं' एवढा एक शब्द. तो जोतीरामच्या जिभेवर येऊन बसलाही होता. आणि टेबलाखाली त्या बोटांनी पहिल्यांदा दाबलं. दुखेल असं दाबलं. उपरण्याखाली हात धरलेला असताना तोंडानं दुसऱ्याला हो म्हणायचं नसतं. ती बाजारातली सगळ्यात मोठी हरामखोरी. आबा म्हणायचे, अशा माणसाच्या हातावर परत कुणी उपरणं टाकत नाही. जोतीरामनं तोंड मिटलं. नाही म्हणायचंही बळ नव्हतं, कारण नाही म्हटलं तर शेजारची चार पोरं गेली. तो गप्प बसला. पंखा फिरत होता. टाकीच्या तोटीतून थेंब पडत होता. "बोल की लेका," शेजारचा कुजबुजला. साहेबांचं हसू हळूहळू आखडलं. "हे बघ, सहा महिने थांबायला लावणार नाही. पहिल्या तारखेपासून कायम." जोतीराम गप्प. "जळोचीपर्यंत बससुद्धा देऊ." गप्प. कोपऱ्यातून मॅडम भारावून बघत होत्या. हेच ते मौन! त्यांनी शिकवलेलं! त्यांना काय ठाऊक, इथं माणूस बोलायला तोंड शोधतोय.

मग एकाएकी जोतीरामचा हात मोकळा झाला. इतक्या दिवसांनी. हात इतका हलका वाटला की त्याला भीती वाटली. त्याच क्षणी समोर आनंद साहेबांनी टेबलाखालचा हात झटकन वर घेतला. तळव्याकडं पाहिलं. खिशातून रुमाल काढला आणि हात पुसला, परत पुसला, बोटांच्या बेचक्यांत घालून पुसला. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. कापडाचा काठ उचलून त्यांनी खाली बघितलं, आणि वर आले तेव्हा ते कुणाकडंच बघत नव्हते. "गेटवर घेऊ त्याला," ते म्हणाले. "वॉचमन. कायम. सगळंच ठरलं. कागद आणा." सही त्यांनी डाव्या हातानं केली, कशीबशी. उजवा हात रुमालात गुंडाळलेला होता.

पोरांनी जोतीरामला खांद्यावर घेतलं. मॅडम म्हणाल्या, "मी हे प्रत्येक शिबिरात सांगणार. लंगडंसुद्धा विकून आलास तू!" जोतीरामला ते वाक्य कानफटात बसल्यासारखं लागलं, पण तोपर्यंत गुलाल उडाला होता. आनंद साहेब महिनाभरात बदली मागून गेले. गार्ड लागले. ज्या कंपनीनं माणूस कापला तिनं हार घालून स्वतःचा फोटो काढून घेतला, खाली लिहिलं, सौहार्दाचं वातावरण. आणि पहिल्या तारखेला सकाळी जोतीराम कायम कामगार म्हणून सायकल ढकलत गेटवर आला, तेव्हा खाकी कपड्यांत भिमा उभा होता. खाकी त्याला ढगळ होत होती. त्यानं उजव्या हातानं सलाम केला. अंगठा आणि करंगळी, खेकड्याच्या नांगीसारखी.

"भिमा, आता खाजतंय का?" जोतीरामनं विचारलं.

"थांबलं बघ. त्या दिशी बैठकीत बसलो हुतो, तवाच थांबलं. जणू बोटं आपापल्या कामाला गेली." भिमा हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "जोत्या, मी बी धनगराचाच हाय की रं. खांडात लंगडं कशाला घालत्यात, मला ठावं न्हाय व्हय?"

मागून सायकली येत होत्या, घंटा वाजवत होत्या. जोतीराम म्हणाला, "तसं न्हवतं भिमा. म्या तुला सोडलं का? शेवटपतूर सोडलं न्हाय."

"त्ये तोंडाचं बोलणं झालं." भिमानं खुर्चीवरून काहीतरी उचललं. आबांचं उपरणं, त्या दिवसापासून त्याच्याकडंच राहिलेलं. धुऊन धुऊन विरलेलं, मधोमध एक काळपट डाग, कितीही धुतला तरी राहणारा. "समद्यांचं ठरलं. साहेबाचं ठरलं, पोरांचं ठरलं. आपलं दोघांचं ऱ्हायलंय." त्यानं जोतीरामचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. वर त्याचा चेहरा हसत होता, मित्राचा, कळंबच्या भिमाचा, "वैनी बरी हाय न्हवं?" विचारणारा. "त्या दिशी 'बरं' म्हणणार हुतास का न्हाय? बोल."

जोतीरामनं हात ओढला नाही. आत अंगठा लागला, करंगळी लागली, आणि मग त्या दोघांच्या मध्ये, थंड, ओशट, एकामागून एक, तीनही बोटं परत जागेवर येऊन बसली. तोंडानं तो 'नाही' म्हणायच्या बेतात होता. पण खाली, त्या काळ्या डागाखाली, त्याच्या बोटांनी त्याला न विचारताच खरं सांगायला सुरुवात केली होती.